हँडब्रेक ओढला तर लागत नाही, लागला तर सुटत नाही: रॅलीच्या गाडीचा पुन्हा पुन्हा येणारा फॉल्ट

गाडी मारुतीची जुनी एस्टीम. आत सुरक्षेचा लोखंडी पिंजरा, मागचे ड्रम काढून बसवलेल्या डिस्क आणि गिअरच्या दांड्याशेजारी उभ्या लिव्हरचा हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा हँडब्रेक. तक्रार दोन तोंडांची होती. स्टेजमध्ये, म्हणजे वेळ मोजायच्या टप्प्यात, खडबडीत पॅच गेला की पुढच्या हेअरपिनला, म्हणजे उलट वळणाला, हँडब्रेक पहिल्या ओढीत लागायचाच नाही, लिव्हर थेट सीटला येऊन टेकायची. आणि स्टेज संपता संपता मागची चाकं अशी धरायची की सपाटीवर न्यूट्रल केलं तर गाडी दहा पावलांत उभी. सर्व्हिसला, म्हणजे स्टेजमधल्या दुरुस्तीच्या थांब्याला आलो, मागची दोन्ही निपलं, म्हणजे ऑइल सोडायच्या बारीक तोट्या, उघडून एअर काढली, की गाडी मोकळी. पुढच्या स्टेजला पुन्हा तेच.

तीन इव्हेंट हे असंच चाललं. त्यात हँडब्रेकचा सिलिंडर एकदा बदलला, सील किट दोनदा घातलं, पॅडचे दोन सेट गेले आणि ब्रेक ऑइल किती ओतलं त्याचा हिशेब ठेवला नाही ते बरंच केलं. खरं तर दोन वेगळे फॉल्ट होते आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला खतपाणी घालत होता. इतका वेळ गेला तो त्यामुळे.

आधी हा हँडब्रेक काम कसा करतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पायाच्या मास्टर सिलिंडरकडून, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या पंपाकडून, मागच्या चाकांकडे जाणारी लाइन मध्येच तोडून तिथे आणखी एक छोटा मास्टर सिलिंडर बसवतात. लिव्हर सोडलेली असते तेव्हा त्याचा पिस्टन पूर्ण मागे असतो, आतलं बारीक भोक उघडं असतं आणि पायाचं प्रेशर त्यातून आरपार मागच्या कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, जातं. लिव्हर ओढली की पिस्टनवरची बकेट, म्हणजे रबरी सील, ते भोक ओलांडून पुढे जाते, वाट बंद होते आणि पुढे अडकलेलं ऑइल फक्त मागच्या चाकांवर दाबलं जातं. लिव्हर सोडली की पिस्टन मागे, भोक उघडं, ऑइल परत. मेख त्या भोकात आहे. पिस्टन एक मिलिमीटर कमी मागे आला तरी ते झाकलेलं राहतं.

आता बकेटचा ओठ एकाच दिशेने सील करतो. समोरून दाब आला तर तो भिंतीला चिकटतो, मागून आला तर दुमडतो आणि ऑइल पुढे जाऊ देतो. म्हणजे भोक झाकलेलं असतानाही पायाचा ब्रेक मागच्या चाकांना लागतो. फक्त परतीची वाट नसते. प्रत्येक वेळी पाय मारला की थोडं ऑइल ओठावरून पुढे सरकतं आणि तिथेच कैद होतं. पॅड डिस्कला घासत राहतात, तापतात, ऑइल तापून फुगतं, दाब आणखी वाढतो, पॅड आणखी घासतात. आठ-दहा किलोमीटरच्या स्टेजमध्ये हे चक्र डिस्क निळी करायला पुरतं.

आणि सर्व्हिसमध्ये निपल उघडलं की नेमका तोच अडकलेला दाब सुटायचा. आम्ही म्हणायचो, "बघ, एअर होती." एअर नव्हतीच. निपल उघडणं हा इलाज नव्हता, ती प्रेशर कुकरची शिट्टी होती.

दाब कुठे अडकतो हे शोधायला एक साधी पद्धत आहे आणि ती पार्ट बदलण्याच्या आधी करायची. गाडी मागून जॅकवर घ्या, स्टँड लावा, दोन्ही चाकं धरलेल्या अवस्थेत पाहिजेत. धरलेली नसतील तर पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा जोरात मारा, हँडब्रेक दोनदा ओढून सोडा. चष्मा घाला, नटाभोवती फडकं गुंडाळा, कारण आतलं ऑइल पिचकारीसारखं येतं. मग एकेक जोड पुढून मागे सैल करत जायचं आणि प्रत्येक वेळी चाक हाताने फिरवून बघायचं.

पहिला जोड पायाच्या मास्टरवरचा, मागच्या लाइनचा. तिथे चाक सुटलं तर दोष पेडलच्या किंवा बूस्टरच्या रॉडचा, नाहीतर मास्टरच्या आतल्या भोकाचा. तिथे सुटलं नाही तर हँडब्रेक सिलिंडरच्या इनलेटचा नट. इथे सुटलं तर मधली लाइन किंवा बायस व्हॉल्व्ह (मागच्या चाकांचा दाब कमी करणारा) तुंबलाय. मग आउटलेटचा नट. इथे सुटलं तर पिस्टन मागे येत नाही, गुन्हेगार हँडब्रेकचा सिलिंडरच. तिथेही नाही आणि कॅलिपरच्या निपलला सुटलं, तर रबरी होज आतून सुजून बंद झालाय. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. निपल उघडूनही चाक धरलेलंच असेल तर ऑइलचा काही संबंध नाही. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन सुकल्यात, पिस्टन गंजलाय, नाहीतर ब्रॅकेटमध्ये चिखल वाळून पॅड अडकलेत. झाल्यावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

आमचं चाक तिसऱ्या जोडाला, आउटलेटवर सुटलं. जोड परत आवळून, ब्रेक मारून चाकं पुन्हा धरायला लावली.

आता पुशरॉड, म्हणजे लिव्हरकडून पिस्टनला ढकलणारी दांडी. लिव्हर पूर्ण सोडलेली असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक हवी. लिव्हर चिमटीत धरून हलवली की बारीकसा टकटक आवाज यायला हवा. आमच्याकडे आवाज नव्हता. रॉड पिस्टनला दाबून बसलेला. पाना घेऊन लॉकनट सैल केला, रॉड एक आटा मागे घेतला आणि लिव्हरच्या बुडाशी "टच्" असा आवाज आला. गाडीमागे बसलेला पोरगा ओरडला, "सुटलं, सुटलं, दोन्ही सुटली!" तीन इव्हेंटचा त्रास एका आट्यात.

पण रॉड एवढा लांब केला कुणी? आम्हीच. पहिल्या ओढीत लिव्हर सीटला टेकते ही ड्रायव्हरची तक्रार, त्यावर आमचा उपाय काय तर रॉड लांब कर म्हणजे लिव्हर वर, सीटपासून लांबच, लागेल. दर सर्व्हिसला अर्धा आटा. एकदा तर ड्रायव्हरने स्वतःच स्टेजच्या रांगेत उभा असताना फिरवला, हे नंतर कबूल केलं. रॉड लांब केल्यावर मोकळीक संपली, पिस्टन पुढेच राहिला, भोक झाकलं गेलं. म्हणजे दुसरी तक्रार पहिल्या तक्रारीच्या औषधातून आलेली. आणि मागचे ब्रेक उकळल्यावर लिव्हर आणखी मऊ पडायची, की आम्ही रॉड आणखी अर्धा आटा लांब करायचो.

सिलिंडर उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट हाती लागली. आतली बकेट फुगलेली होती, ओठ बाहेर वळलेला, नखाने दाबली तर खळीसारखा खड्डा पडत होता. नव्या किटमधली शेजारी ठेवली तर फरक नुसत्या डोळ्याला दिसत होता. ब्रेकची ही रबरं ईपीडीएमची असतात. ब्रेक ऑइलमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात, पण पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांपैकी काहीही लागलं की सुजतात. आमच्या पोराने दोन्ही वेळा सिलिंडर पेट्रोलच्या डब्यात धुतला आणि सील सहज सरकावं म्हणून बेअरिंगचं ग्रीस लावलं. त्याला बोलून काय उपयोग, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सिलिंडर ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवायचा आणि सील बसवताना ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठी मिळतं ते लाल रबर ग्रीस. बस. किट घातल्यावर महिन्याभरात तोच फॉल्ट परत येत असेल तर किटला नकली म्हणायच्या आधी धुण्याचा डबा बघा.

रॉडच्या तोंडावरचं रबरी बूटही फाटलेलं होतं. आत लाल धूळ, त्यावर गाडी धुतल्याचं पाणी, दोन्ही मिळून विटेसारखा थर. स्प्रिंग बिचारी तेवढा घास लोटू शकत नव्हती.

हे झाल्यावर चाकं धरणं थांबलं. पण लिव्हरचा मूळ रोग बाकी होता.

पहिली ओढ आणि दुसरी ओढ

इथे लोक सरसकट एअर म्हणून मोकळे होतात. लिव्हर लागोपाठ दोनदा ओढून फरक हाताला समजून घ्या. एअर असेल तर लिव्हर स्पंजसारखी लागते, पंप मारून वर येते पण शेवटी दाबली की पुन्हा दबते. सील गळत असेल तर ओढून धरल्यावर लिव्हर हळूहळू खाली सरकते. आणि पहिली ओढ रिकामी, दुसरी ओढ दगडासारखी कडक असेल, तर ऑइलमध्ये काही खोट नाही. पॅड डिस्कपासून लांब गेलेत, पहिली ओढ नुसतं ते अंतर भरण्यात जाते.

आमचं तिसऱ्या प्रकारचं होतं. पक्कं करायला ब्रेक एकदा मारून गाडी डांबरी रस्त्यावर सरळ दोन किलोमीटर चालवली, मग ब्रेकला पाय न लावता थांबवली आणि लिव्हर ओढली. पहिल्याच ओढीत वर, कडक. मग शेजारच्या दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर तेवढीच चालवली आणि ब्रेकला पाय न लावता, इंजिनवर थांबवून ओढली. सीटला टेकली. दुसरी ओढ कडक. रस्ता बदलल्यावर लिव्हर बदलते याचा अर्थ कुणीतरी पॅडना ढकलतंय, आणि ढकलणारी डिस्कच असणार.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवलं. उजवं ठीक. डाव्याला बारीकसा खडखडाट. बारीक हालचाल मोजणारा डायल लावला तर डिस्कच्या कडेला प्ले, म्हणजे ढिलेपणा, स्पष्ट दिसत होता. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, काढल्यावर बेअरिंगची बाहेरची रिंग हबच्या आत फिरून घर चकचकीत घासलेलं. चाक दगडावर आदळलं की डिस्क तिरकी होऊन पॅड आणि त्यामागचा पिस्टन आत ढकलायची. पिस्टन थोडासाच आत जातो, पण हँडब्रेकच्या एवढ्याशा सिलिंडरला तेवढं भरून काढायला अर्धी लिव्हर लागते.

मग हा प्ले आधी का जाणवला नाही? कारण गाडीला ड्रम होते. ड्रममधल्या लाइनरना एवढ्या प्लेचं काही पडलेलं नसतं. डिस्क बसवल्या तेव्हा कॅलिपर, ब्रॅकेट, लाइन सगळं नवं आलं आणि हब-बेअरिंग जुनीच राहिली. ज्यांनी ड्रमचं डिस्क केलंय त्यांनी हँडब्रेकला हात लावण्याआधी मागची बेअरिंग तपासा. घर घासलेलं असेल तर नुसती नवी बेअरिंग ठोकून किंवा घराला पंचने खुणा मारून भागत नाही. ते एका इव्हेंटपुरतं चालतं आणि बेअरिंग पुन्हा फिरते. आम्ही भोसरीच्या टर्नरकडे चौकशी केली, त्याने हब हातात घेऊनच मान हलवली. नाना पेठेत दुसरा हब मिळाला, त्यात नवी बेअरिंग प्रेसवर बसवली, नट टॉर्क रेंचने आवळला.

इव्हेंट चालू असताना हे दुरुस्त होणार नसेल तर ड्रायव्हरला सांगा, हेअरपिनच्या आधी डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करायचा. पॅड जागेवर येतात, लिव्हर पहिल्या ओढीत लागते.

दरम्यान आम्हाला मिळालेले सल्ले

सर्वांत जास्त वेळा ऐकलेला: "सिलिंडर मोठा टाक." आमचा पाच अष्टमांश इंचाचा, म्हणजे १५.९ मिमीचा आहे. पाऊण इंची, १९ मिमीचा टाकला असता तर लिव्हर खरंच कमी लांब आली असती. पण हिशेब करून बघा. लिव्हर सहापट जोर देते असं धरू आणि ड्रायव्हर २० किलोने ओढतो. रॉडवर १२० किलो आले. १५.९ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास २ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण ६० बार दाब. १९ मिमीचं २.८५, म्हणजे ४२ बार. मातीवर मागची चाकं ४२ बारलाही कदाचित लॉक होतील, डांबरावर ड्रायव्हर दोन्ही हातांनी ओढेल. मोठा सिलिंडर ऑइल जास्त ढकलतो, दाब कमी देतो. लिव्हर लांब येते म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवणं म्हणजे चप्पल चावते म्हणून पाय कापणं.

दुसरा सल्ला बायस व्हॉल्व्हचा होता आणि तो बरोबर निघाला. मागच्या चाकांचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह पायाचा मास्टर आणि हँडब्रेक यांच्या मध्ये हवा. तो हँडब्रेकच्या पुढे, चाकांकडच्या बाजूला असेल तर तुम्ही ओढलेला दाबही तो कापतो. ज्या गाड्यांना मागच्या ॲक्सलजवळ वजनावर चालणारा व्हॉल्व्ह असतो तिथे हे हमखास होतं. ब्रेक मारल्यावर मागची बाजू उचलली की व्हॉल्व्ह आवळतो, आणि नेमका तेव्हाच हँडब्रेक हवा असतो. आमचा व्हॉल्व्ह चुकीच्या जागी नव्हता, पण शेजारच्या तंबूतल्या गाडीचा होता. त्यांचं काम तिथल्या तिथे झालं.

तिसरा सल्ला क्लचचा मास्टर सिलिंडर वापरण्याचा, स्वस्तात. क्लचचा किंवा साधा टाकीवाला सिलिंडर असा मध्ये बसवला तर त्याच्या मागच्या सीलवर पायाचा पूर्ण दाब येतो. ते सील फक्त टाकीतलं ऑइल अडवायला बनवलेलं असतं. काही दिवसांत ऑइल रॉडच्या बाजूने केबिनमध्ये, थेट ड्रायव्हरच्या बुटावर. हँडब्रेकसाठी म्हणूनच बनवलेला सिलिंडर घ्या.

सर्किटबद्दल, म्हणजे ऑइलच्या स्वतंत्र वाटांबद्दल, मात्र थट्टा नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत कंपनीचे ब्रेक तिरके विभागलेले असतात. एका सर्किटवर पुढचं डावं आणि मागचं उजवं, दुसऱ्यावर उलटं. अशा गाडीत दोन्ही मागच्या लाइन एकत्र करून एकच हँडब्रेक सिलिंडर टाकला तर दोन्ही सर्किटं एक होतात. मग एक होज फुटला की पेडल जमिनीला आणि चारही चाकं मोकळी. एकतर दोन सिलिंडरचा हँडब्रेक घ्या, नाहीतर लाइन पुढे-मागे अशा विभागून घ्या. दुसऱ्या पर्यायात मास्टरचा एकच कप्पा दोन्ही पुढच्या कॅलिपरना ऑइल पुरवतो, त्यामुळे पेडल थोडं खोल जातं. आम्ही हाच घेतला आहे. खोल पेडलची सवय होते, पण मास्टर ती मागणी पुरवतो की नाही हे जॅकवर बघून घ्या, घाटात नाही.

ब्रेक ऑइल डॉट ४ वापरतो. ताजं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ३ ची हीच जोडी २०५ आणि १४० ची. आपल्या पावसाळ्यात उघडी ठेवलेली बाटली पुढच्या इव्हेंटला वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, डॉट ५.१ नव्हे, ते यात मिसळायचं नाही.

एअर काढायची राहिलीच

सगळं जोडल्यावर एअर तर काढावीच लागते. आधी निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे का ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतं आणि वर अडकलेला बुडबुडा जन्मभर निघत नाही. उभ्या सिलिंडरमध्येही वरच्या टोकाला बुडबुडा राहतो. त्याचे बोल्ट काढून, लाइन न सोडता, आउटलेट वर येईल असा तिरका धरा आणि लिव्हरला छोटे छोटे झटके द्या. पहिल्यांदा पायाने एअर काढायची, लिव्हरला हात न लावता. नंतर लिव्हरने, दोन-तीन वेळा.

मग एकाला लिव्हर जोरात ओढायला सांगून आपला तळहात बोगद्याच्या, म्हणजे दोन सीटमधल्या उंचवट्याच्या, पत्र्यावर ठेवा. ब्रॅकेटखालचा पत्रा हाताखाली उचलला गेला तर तुमची अर्धी ओढ पत्रा वाकवण्यात जातेय. आमचा उचलला जात होता. खालून ३ मिमीची प्लेट लावून बोल्ट आरपार घेतले.

रॉडची मोकळीक एक मिलिमीटर ठेवली, लॉकनट आवळला आणि नटावरून रॉडवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की ड्रायव्हरला आधी चहा पाजायचा आणि मग विचारायचं.

एक गोष्ट नव्यांसाठी. हा हँडब्रेक गाडी उभी करून ठेवायला नाही. लिव्हरला दोरी बांधून ओढलेली ठेवली तर गरम ब्रेक थंड होताना ऑइल आकसतं, दाब उतरतो आणि गाडी ट्रेलरवरून चालू लागते. केबलचा पार्किंग ब्रेक ठेवा आणि चाकाखाली लाकडी पाचर लावा.

त्यानंतरच्या दोन इव्हेंटला चाकं धरली नाहीत, लिव्हर पहिल्या ओढीत लागते. फक्त डाव्या मागच्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जवळपास एक मिलिमीटर जास्त झिजलेला दिसतोय. त्या हबने इतके दिवस धक्के दिल्यावर स्लाइड पिन वाकली असावी असा माझा अंदाज आहे. या रविवारी कॅलिपर उघडतो.